रोज पोस्ट टाकूनही पेजवर शुकशुकाट का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पाठीवरच्या आणि प्रवासाच्या बॅगा बनवणाऱ्या एका कंपनीचं सोशल मीडिया तुम्ही एकट्याने सांभाळता. इन्स्टाग्रामवर १८ हजार फॉलोअर आहेत, रोज एक पोस्ट जाते, डिझाइन नेटकं असतं, तरी लाइक ३०-४० च्या पुढे सरकत नाहीत आणि कमेंट करणाऱ्यांत निम्मे आपल्याच ऑफिसातले. वरिष्ठ म्हणतात, "मोठे ब्रँड ग्राहकांना बरोबर गुंतवून ठेवतात, मग आपलंच घोडं कुठे अडतं?" त्यावर तुम्ही तीन उपाय काढलेत आणि विचारलंय की यातला कोणता करू: पोस्टची वेळ बदलू, रील वाढवू, की बक्षिसांची स्पर्धा ठेवू?

तिन्हींचं उत्तर देते, पण थोडं पुढे. आधी खटकलेली एक गोष्ट. पेजवरून काय जातं याचं वर्णन तुम्ही तपशिलात केलंय. पेजवर काय येतं, म्हणजे कमेंट, इनबॉक्समधले मेसेज, लोकांनी टॅग केलेले फोटो, आणि आल्यावर त्यांचं काय होतं, याबद्दल एक ओळही नाही. १५ वर्षं मी हेच काम करते आहे, आधी एजन्सीत आणि नंतर कंपन्यांच्या आत बसून. थंड पडलेलं पेज हातात आलं की मी सगळ्यात आधी इनबॉक्स उघडते, पोस्ट नंतर बघते. बहुतेक वेळा दुखणं इनबॉक्समध्येच सापडतं.

थोडा दिलासाही देते. तुमचे आकडे दिसतात तितके वाईट नाहीत. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ठोकताळा मांडला होता: ऑनलाइन समूहात १०० पैकी ९० जण नुसतं वाचतात, ९ जण अधूनमधून तोंड उघडतात आणि १ जण सतत बोलतो. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एरनबर्ग-बास इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी फेसबुकवरच्या मोठमोठ्या ब्रँडांची पेजं तपासली, तेव्हा आठवड्याभरात काही ना काही कृती करणारे चाहते एकूण चाहत्यांच्या १ टक्क्याच्या आसपास निघाले. जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या ब्रँडांची ही गत. शिवाय तुमची पोस्ट त्या १८ हजारांना दिसतच नाही. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडलं आणि काय वर, काय खाली हे अल्गोरिदमच्या, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या संगणकी नियमांच्या हाती दिलं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने तर जाहीरच केलं की मित्र आणि घरच्यांच्या पोस्ट आधी दिसतील, कंपन्या आणि माध्यमांच्या कमी. तेव्हा लाइकचं प्रमाण काढायचंच असेल तर फॉलोअरच्या संख्येशी काढू नका, पोस्ट प्रत्यक्ष किती जणांपर्यंत पोहोचली त्याच्याशी काढा.

आता मूळ मुद्दा. ब्रँडशी गप्पा माराव्यात म्हणून कुणी फोन हातात घेत नाही. माझ्या अनुभवात माणूस ब्रँडशी आपणहून बोलतो तो चार कारणांनी: काहीतरी अडलंय, डोकं फिरलंय, दोन वस्तूंत ठरत नाहीये, किंवा काहीतरी मिरवायचंय. कोणत्या दिवशी कोणती पोस्ट जाणार याचं तुमचं कॅलेंडर मी पाहिलेलं नाही, पण त्यात 'जागतिक अमुक दिवस', 'सोमवारची प्रेरणा' आणि 'आमचं नवं कलेक्शन' यांची वर्णी असणार, पैज लावायला तयार आहे. वरच्या चौघांपैकी एकाच्याही ते कामाचं नाही. (जागतिक दिवसांच्या पोस्ट मीही शेकड्यांनी केल्या आहेत. कॅलेंडरचे रिकामे चौकोन बघवत नाहीत, एवढंच त्यांचं कारण.)

अडलेल्या माणसापासून सुरुवात करू, कारण तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित. काही वर्षांपूर्वी घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीचं पेज माझ्याकडे आलं. पोस्ट चकचकीत, प्रतिसाद शून्य. मी जुने मेसेज उपसायला घेतले आणि एकेक प्रश्न शीटमध्ये उतरवत गेले, ग्राहकाने लिहिला तसाच, त्याच्या शब्दांत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. फिल्टर कधी बदलायचा, तो काढायचा कसा आणि काढताना पाणी सांडतं ते बरोबर की चूक, या तीन प्रश्नांनी निम्मी शीट भरली होती. पेजवरून प्रत्येकाला 'आमच्या कस्टमर केअरशी संपर्क साधा' एवढंच ठरावीक उत्तर गेलेलं. आम्ही सर्व्हिसच्या माणसाला टेबलापाशी उभं केलं आणि फोनवरच छोटा व्हिडिओ काढला. त्यात फक्त त्याचे हात दिसत होते. संगीत नाही, लोगो शेवटी दोन सेकंद. तो व्हिडिओ त्या पेजवर सगळ्यात जास्त सेव्ह झाला आणि खालच्या कमेंटमध्ये लोक एकमेकांच्या शंका सोडवू लागले. मार्केटिंगच्या बैठकीत मात्र 'हे ब्रँडला शोभत नाही' म्हणून तो उतरवायचा आग्रह झाला होता. कॉल सेंटरच्या प्रमुखांनी आमची बाजू घेतली, कारण त्यांच्याकडचे तेच तेच फोन कमी झाले होते.

तुमच्याकडे हेच प्रश्न बॅगांच्या भाषेत येत असणार. १५ इंची लॅपटॉप कव्हरसकट मावतो का? पावसात आतले कागद भिजतात का? चेन अडकली तर काय करू? पट्टा उसवला तर तुम्ही शिवून देता का? कंपनीच्या माहितीपत्रकात 'भक्कम तळ' लिहिलेलं असतं आणि ग्राहक विचारतो, 'जमिनीवर ठेवली की लवंडते का?' पोस्ट या दुसऱ्या वाक्यावर लिहा. त्याच्या शब्दांत लिहिलेली पोस्ट त्याला आपली वाटते, आणि शोधणाऱ्यालाही तीच सापडते, कारण शोधताना माणूस माहितीपत्रकाची भाषा वापरत नाही.

इथे परिस्थितीनुसार काय बदलतं तेही सांगते, नाहीतर तुम्ही दुसऱ्याच कुणाचं औषध घ्याल. जी वस्तू लोक दर आठवड्याला घेतात तिच्याबद्दल सतत हलकंफुलकं बोलत राहणं चालून जातं. बॅग माणूस काही वर्षांतून एकदा घेतो. खरेदीनंतर त्याने रोज तुमच्या पेजवर यावं असं कारणच नाही, म्हणून खरेदीच्या आधीचे काही दिवस आणि बिघाड झाल्यानंतरचे काही दिवस या दोन वेळांना तुम्ही हजर असणं महत्त्वाचं. औषधं, कर्ज, विमा असल्या विषयांत तर लोक चारचौघांत बोलणारच नाहीत. तिथे कमेंट मोजणं व्यर्थ, सगळा कारभार खासगी मेसेजमध्ये चालतो. कंपन्यांनाच माल विकणारी कंपनी असेल तर २०० योग्य माणसं वाचत असली तरी भागतं. आणि एकट्या माणसाने चालवलेल्या पेजला २० जणांच्या टीमची नक्कल पेलत नाही, हे तुमच्या वरिष्ठांना कुणीतरी सांगायला हवं. माझं नाव सांगा.

आता डोकं फिरलेला ग्राहक. यावर जरा जास्त बोलते, कारण ब्रँडची अब्रू जाते ती इथे आणि राहते तीही इथेच. २००८ मध्ये एका कॅनेडियन गायकाची गिटार युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात मोडली. तो महिनोन्‌महिने भरपाईसाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, शेवटी नकार मिळाला, आणि जुलै २००९ मध्ये त्याने त्यावर गाणं करून यूट्यूबवर टाकलं. ते जगभर पाहिलं गेलं. या गोष्टीतून लोक 'व्हायरलची ताकद' वगैरे काढतात. मी एजन्सीतल्या नव्या मुलांना त्याआधीचे महिने बघायला सांगते. गिटार मोडल्याने गाणं झालं नाही, टोलवाटोलवी केल्याने झालं.

त्याहून बोधप्रद प्रकरण किटकॅट चॉकलेट बनवणाऱ्या नेस्लेचं. मार्च २०१० मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने पाम तेल आणि जंगलतोडीवरून किटकॅटविरुद्ध मोहीम उघडली. कंपनीने कॉपीराइटचं कारण देऊन त्यांचा व्हिडिओ यूट्यूबवरून काढायला लावला, त्यामुळे तो आणखी पसरला. लोक किटकॅटचा लोगो बदलून तो प्रोफाइलवर लावून नेस्लेच्या फेसबुक पेजवर बोलायला आले. पेज सांभाळणाऱ्याने बदललेला लोगो लावणाऱ्यांच्या कमेंट उडवू अशी तंबी दिली आणि वर टोमणेही मारले. नंतर माफी मागावी लागली. मुळातला वाद तेलाच्या पुरवठ्याचा होता आणि तो पुरवठ्यातच सुटणार होता; मे २०१० मध्ये कंपनीने त्या दिशेने पावलं जाहीर केली. पण मधल्या काळात चर्चा तेलाऐवजी पेजवरच्या उर्मटपणाची होऊन बसली. त्या रात्री कीबोर्डवर बसलेल्या माणसाबद्दल मला मात्र सहानुभूती वाटते. त्याच्या हातात निर्णय काहीच नव्हता आणि समोर शेकडो माणसं. असा माणूस एक तर पाठ केलेलं बोलतो, नाहीतर चिडतो.

म्हणून पहिली मागणी वरिष्ठांकडे ही करा: कुणालाही न विचारता मी काय देऊ शकतो? उसवलेला पट्टा शिवून देणं, चेन बदलून देणं, ठरावीक मुदतीत आलेली बॅग परत घेणं, यातलं जे काही असेल ते लेखी घ्या. हा अधिकार नसेल तर तुम्ही तिथे फक्त निरोप्या आहात, आणि निरोप्याशी कुणी संवाद करत नाही. दुसरी मागणी: सर्व्हिस आणि गोदामातल्या प्रत्येकी एका माणसाचा थेट नंबर, जो तुमचा फोन उचलेल.

उत्तर कसं द्यायचं याबद्दल माझी पद्धत साधी आहे. तक्रारीत सगळ्यांना उपयोगी असं जे आहे त्याचं उत्तर कमेंटमध्येच, उघड. ऑर्डर नंबर, पत्ता, फोन हे मात्र मेसेजमध्ये. काम झालं की परत त्याच कमेंटखाली येऊन 'नवा पट्टा पाठवला, मिळाला की कळवा' असं लिहायचं. ही शेवटची पायरी जवळपास सगळेच गाळतात, त्यामुळे वाचणाऱ्याला दिसतं ते इतकंच: तक्रार, 'कृपया डीएम करा' (म्हणजे खासगी मेसेज पाठवा), आणि पुढे शांतता. लक्षात घ्या, तुमचं उत्तर एका माणसाला असतं पण वाचतात ते गप्प बसलेले बाकीचे, मघाचे ते १०० पैकी ९०. त्यांतले काही जण आज-उद्या बॅग घेणार आहेत. त्यांच्यासाठी ती कमेंटची साखळी म्हणजे तुमच्या दुकानाची खिडकीच. शिवीगाळ आणि धमक्या काढून टाका, त्याचे नियम पेजवर आधीच लिहून ठेवा. टीका मात्र राहू द्या.

उत्तराला वेळ लागणार असेल तर किती, ते आधी सांगा. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं जमिनीवर बसली, तेव्हा केएलएम या विमान कंपनीकडे फेसबुक आणि ट्विटरवरून प्रश्नांचा पूर आला आणि वेगवेगळ्या खात्यांतले कर्मचारी उत्तरं द्यायला बसले. त्यातून त्यांची चोवीस तास चालणारी सोशल मीडिया सेवा उभी राहिली. पुढे २०१३ मध्ये त्यांनी ट्विटरच्या पानावर डोक्यावरच लिहायला सुरुवात केली की सध्या उत्तराला साधारण इतकी मिनिटं लागतील, आणि हा आकडा दर पाच मिनिटांनी बदलायचा. एकट्या माणसाला चोवीस तास बसणं शक्य नाही, पण 'सकाळी १० ते संध्याकाळी ६ उत्तरं देतो, रात्री आलेल्या मेसेजला सकाळी' असं लिहिणं नक्की शक्य आहे. लोक थांबायला तयार असतात. किती थांबायचं हे माहीत नसलं की चिडतात.

मिरवणाऱ्यांकडे वळते. मोठ्या ब्रँडांचं जे यश तुमच्या वरिष्ठांच्या डोळ्यात भरतं ते बहुतेक या खात्यातलं असतं. गाणी ऐकायचं ॲप स्पॉटिफाय २०१६ पासून वर्षाच्या शेवटी 'रॅप्ड' काढतं: तुम्ही वर्षभर काय ऐकलं याचा रंगीत गोषवारा. लोक तो धडाधड शेअर करतात. बारकाईने बघा, लोक तिथे स्पॉटिफायबद्दल बोलत नाहीत, स्वतःच्या आवडीनिवडीबद्दल बोलतात. कोका-कोलाने २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात बाटल्यांवर तिथली सर्वाधिक प्रचलित १५० नावं छापली, तेव्हाही लोकांनी फोटो टाकले ते स्वतःच्या नावाचे नाहीतर मित्राच्या. ब्रँड बाजूला उभा राहतो आणि माणसाला मिरवायला काहीतरी हातात देतो.

तुमच्याकडे एवढा डेटा नाही, बाटल्याही नाहीत. पण घासलेली, डाग पडलेली, दहा वर्षं वापरलेली बॅग आहे. नव्या बॅगेचा फोटो माणूस एकदाच टाकतो. जुन्या बॅगेची त्याच्याकडे गोष्ट असते. 'तुमची सगळ्यात जुनी बॅग दाखवा, कुठे कुठे जाऊन आली तेही सांगा' असं विचारून बघा. दुरुस्तीला आलेल्या बॅगांचे आधीचे आणि नंतरचे फोटोही चालतात. फक्त दुसऱ्याचा फोटो वापरण्याआधी त्याची परवानगी घ्या, टॅग केलं म्हणजे परवानगी दिली असं नसतं. फोटो काढणाऱ्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. आणि परवानगी मागणारा मेसेज हाही संवादच आहे. कितीतरी जणांशी माझी ओळख त्या एका मेसेजपासून सुरू झाली.

लोकांकडून गोष्टी मागवण्यात एक खाच आहे. जानेवारी २०१२ मध्ये मॅकडॉनल्ड्सने आपल्या पुरवठादार शेतकऱ्यांच्या कौतुकाची मोहीम ट्विटरवर चालवताना लोकांनी आपले अनुभव सांगावेत अशा अर्थाचा हॅशटॅग पैसे देऊन वर आणला. लोकांनी सांगितलेही, वाईट ते सगळे. काही तासांत तो मागे घ्यावा लागला. तेव्हा इनबॉक्समध्ये उत्तर न मिळालेल्या तक्रारींचा ढीग असताना 'आमच्याबद्दल काय वाटतं ते सांगा' असं उघड्यावर विचारू नका. आधी ढीग उपसा.

मत विचारायचं तर असं विचारा की उत्तरावर काहीतरी ठरणार आहे. 'नवा रंग कसा वाटला?' या प्रश्नाला काय उत्तर देणार कुणी? 'बाटलीचा कप्पा डावीकडे हवा की उजवीकडे?' याला प्रत्येकाकडे उत्तर असतं, आणि डावखुरे तर भांडायलाच येतात. खेळण्यातले ठोकळे बनवणाऱ्या लेगो कंपनीच्या 'लेगो आयडियाज' या व्यासपीठावर चाहत्याच्या कल्पनेला १० हजार जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी ती तपासायला घेते, निकाल जाहीर करते, आणि संच बाजारात आलाच तर मूळ कल्पना मांडणाऱ्याला विक्रीतला वाटाही मिळतो. बऱ्याच कल्पना नाकारल्या जातात, तरी लोक पुन्हा येतात, कारण विचारून गप्प बसणं हा प्रकार तिथे नाही. तुम्हीही मतदान घेतलंत तर महिन्याभराने कळवा की कप्पा कुठे गेला आणि का.

ठरत नसलेल्या ग्राहकाचं फारसं सांगायला नको. दोन बॅगा शेजारी ठेवून कुठली कुणाला घेऊ नये हे प्रामाणिकपणे सांगा. 'घेऊ नये' हा शब्द मंजूर करून घेताना थोडा घाम गाळावा लागेल, तेवढंच. इन्फ्लुएन्सर घ्यायचे तर त्यांचाही खरा उपयोग याच टप्प्यावर होतो: बॅग काही आठवडे खरोखर वापरलेला, छोटा पण विषयाला धरून असलेला माणूस निवडा, त्याला संहिता लिहून देऊ नका आणि पैसे दिले असतील तर ते स्पष्ट लिहायला सांगा. बहुतेक ठिकाणी ते नियमानेच बंधनकारक असतं, आणि लपवलेलं उघड झालं की त्याच्याबरोबर तुमचीही विश्वासार्हता जाते.

आता तुमचे तीन उपाय. वेळ बदलून किरकोळ फरक पडेल. तुम्ही उत्तरं द्यायला जागे असाल त्या वेळी पोस्ट टाका, कारण पहिल्या तासाभरातल्या कमेंटना लगेच उत्तर गेलं तर संभाषण पुढे सरकतं. रील वाढवा, पण वरच्या शीटमधल्या प्रश्नांवर. स्पर्धेबद्दल मात्र हात जोडून सांगते. माझ्या उमेदीच्या काळात एका क्लायंटसाठी मी 'लाइक करा, तीन मित्रांना टॅग करा, बक्षीस जिंका' चालवलं. फॉलोअर भराभर वाढले, क्लायंटने मिठाई वाटली. पुढचे कित्येक महिने पोस्ट त्या बक्षीसवाल्यांना दाखवल्या जात राहिल्या, ते ढुंकूनही बघेनात, आणि हे लोकांना आवडत नाही असं समजून अल्गोरिदमने उरल्यासुरल्या खऱ्या ग्राहकांनाही दाखवणं कमी केलं. निदान आम्ही तरी तसाच निष्कर्ष काढला. दुसरं काही बदललेलं नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकने 'टॅग करा, शेअर करा, लाइक करा' अशी उघड गळ घालणाऱ्या पोस्ट मागे टाकू असं जाहीरही केलं. स्पर्धा करायचीच तर बक्षीस असं ठेवा की ज्याला बॅगेशी घेणंदेणं नाही त्याला ते नकोच वाटेल. जुनी बॅग मोफत दुरुस्त करून देणं हे चांगलं बक्षीस आहे. महागडा फोन हे वाईट बक्षीस.

'मोठ्या ब्रँडांना कसं जमतं' यावर तुमचे वरिष्ठ हमखास ओरिओचं उदाहरण देतील. ३ फेब्रुवारी २०१३ ला अमेरिकेत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात अर्ध्या तासाहून जास्त वेळ दिवे गेले आणि ओरिओने काही मिनिटांत ट्वीट टाकलं की अंधारातही बिस्किट दुधात बुडवता येतंच. सगळं जग त्या चपळाईवर बोललं. पण त्या रात्री एजन्सीचे आणि कंपनीचे लोक मंजुरीच्या अधिकारासह एकत्रच बसलेले होते. आणि त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी १०० दिवस रोज एक ताजं चित्र काढून टाकायचा उपक्रम पार पाडला होता. हात बसलेला होता, मंजुरी देणारा बाजूच्या खुर्चीत होता. तुमची पोस्ट चार जणांच्या ईमेलमधून फिरून दोन दिवसांनी बाहेर येत असेल तर चपळाईचा नाद सोडा.

चपळाईची उलटी बाजूही दाखवून ठेवा. सप्टेंबर २०१४ मध्ये डिजॉर्नो या पिझ्झा ब्रँडने चर्चेत असलेला एक हॅशटॅग बघितला आणि त्यावर विनोद केला. तो हॅशटॅग घरगुती हिंसा सोसलेल्या स्त्रियांच्या अनुभवांचा होता. ट्वीट काढलं आणि लोकांची एकेकाला उत्तर देऊन माफी मागितली. चूक अक्षम्य होती, पण माफी मागायची पद्धत बरोबर होती. माझा नियम: चालू विषयावर बोलण्याआधी त्या विषयातल्या २० पोस्ट वाचायच्या. आणि काही वाईट घडलं की शेड्यूल करून ठेवलेल्या सगळ्या पोस्ट थांबवायच्या. हे कोणी करायचं, सुट्टीच्या दिवशी कोणी, ते आधीच ठरलेलं असावं.

राहिलं मोजमाप. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम सांगितला जातो: मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. लाइक हे त्याचं जिवंत उदाहरण. वरिष्ठांना महिन्याला एकच पान द्या. त्यात पहिल्या उत्तराला सरासरी किती वेळ लागला, किती मेसेज अनुत्तरित राहिले, कोणता प्रश्न किती वेळा आला, पोस्ट किती जणांनी सेव्ह केली आणि पुढे पाठवली, आणि ऑर्डर करताना 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' याला काय उत्तरं आली, एवढं पुरे. लाइक खाली बारीक अक्षरांत. आणखी एक: बहुसंख्य ग्राहक तुमचं पेज कधीच फॉलो करणार नाहीत. म्हणून जी पोस्ट लोक आपणहून सेव्ह करताहेत तिच्यावरच जाहिरातीचे थोडे पैसे लावून ती फॉलो न करणाऱ्यांपर्यंत न्या. पडलेली पोस्ट बूस्ट करून, म्हणजे पैसे लावून पुढे ढकलून, उठत नाही.

तर क्रम असा लावा. पहिल्या आठवड्यात नवी पोस्ट अजिबात नको. मागचे २०० मेसेज आणि कमेंट ग्राहकांच्या शब्दांत शीटमध्ये उतरवा आणि उत्तर न मिळालेल्यांना उशिरा का होईना, उत्तर द्या. दुसऱ्या आठवड्यात अधिकारांचा कागद आणि ते दोन नंबर मिळवा. मग आठवड्याला तीनच पोस्ट, त्यांतल्या दोन शीटमधल्या. त्यामुळे रोज जो वेळ उरेल तो उत्तरांना द्या. किमान तीन महिने आकड्यांकडे बघून घाबरू नका. सुरुवातीला रीच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचते तो आकडा, खाली जाईलही.

शीट तयार झाली की सगळ्यात जास्त वेळा आलेले पाच प्रश्न जसेच्या तसे लिहून कळवा, शुद्धलेखनही दुरुस्त करू नका. त्यावरून पहिल्या सहा पोस्ट काय असाव्यात ते बोलू.